हरणीनं रवंथ सोडलं तेव्हा

माझं नाव भागा. माहेर तापीच्या काठावर, सारंगखेड्याच्या अलीकडे दोन कोस, आणि सासर हे ब्राह्मणपुरी, इथं आले तवा मला नीट लुगडं नेसता येत नव्हतं, आता केस पांढरे झाले. मास्तर, तुम्ही लिहून घेताय म्हणून मी जरा शाळेतल्यासारखं बोलते, पण मधून मधून आमचं बोलणं निसटेल, ते तसंच राहू द्या. सासूचं बोलणं मी तुमच्या भाषेत कसं सांगू, ती मग माझी सासू राहणारच नाही.

माझ्या बापाकडं गुरं व्हती, चांगली पाच-सहा. बाप म्हणायचा, बाई, माणसाचं दुखणं तोंडावर दिसतं, गायीचं दुखणं डाव्या कुशीत दिसतं. मी एवढीशी असताना मला उचलून गायीजवळ न्यायचा, माझी मूठ तिच्या डाव्या कुशीत दाबून धरायचा, मागच्या बरगडीच्या मागं तो खळगा असतो ना तिथं, आणि म्हणायचा, थांब, आता उचलील. आणि खरंच आतून कोणी कूस बदलावी तशी मूठ उचलली जायची. ते उचलणं थांबलं की गाय गेली समज. हे मला लहानपणापासून ठाऊक व्हतं. म्हणून सांगते, मला ठाऊक नव्हतं असं म्हणायला मला तोंड नाही.

लग्नाला तीन वर्षं झाली तरी माझी कूस उजवली नव्हती. पुढंही नाही उजवली, ते जाऊ द्या. नवरा नंदुरबारला कापसाच्या जिनात कामाला, आठवड्यातून एकदा यायचा. घरात सासू, सासरा आणि मी. आणि नणंद केसर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मार्गशीर्षात पोरगी झाली आणि तिसऱ्या दिवशी केसरला ताप भरला. सासरा म्हणे गाडी जुंपतो, शहाद्याच्या दवाखान्यात नेऊ. सासू म्हणे ओल्या बाळंतिणीला थंडीत काढू नका, दाई शे ना घरमा. गाडी जुंपलीच नाही, आणि पाचव्या दिवशी केसर गेली. त्या दिवसापासून सासरा सासूशी बोलला नाही. काय सांगू तुम्हाला मास्तर, एका घरात दोन माणसं, भाकरी वाढली की खायची, पाणी दिलं की प्यायचं, पण शब्द नाही. चार महिने. मी तर सून, सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर नाकापर्यंत, मी काय बोलणार. सासूशी बोलावं तर ती रडायची. मग मीही गप्प. असं तिघांचं घर.

पोरगीच्या बापानं दुसरं लग्न ठरवलं, पोर आमच्याकडंच राहिली. तिचं नाव जमना. सासूनं ती माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, भागा, हाई आते तुन्ही. माझ्या अंगावर दूध कुठून येणार. मग हरणी.

हरणी आमची गाय. निमाडी, लाल अंगावर पांढरे शिंतोडे, कपाळ पुढं आलेलं, फार गरीब. आश्विनात व्याली व्हती. तिचं दूध पाणी घालून, वावडिंग टाकून उकळायचं, कोमट करायचं आणि बोंडल्यानं पोरीच्या तोंडात थेंब थेंब सोडायचं. दुसऱ्यांच्या घरून म्हशीचं आणून पाहिलं, पोरीनं सगळं ओकून टाकलं. शेळीचं दिलं तर पोट बिघडलं. तिला फक्त हरणीचं सोसायचं. म्हणजे बघा, पोरीचा जीव हरणीच्या कासेत आणि हरणीचा जीव तिच्या गव्हाणीत.

सासूची एक पद्धत व्हती, ती सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. सरकी सकाळी भिजत घालायची, सांजच्या धारेला द्यायची. ढेपेचा, म्हणजे तिळाच्या पेंडीचा, खडाही भिजवून, बोटांनी मोडून, वरून कडब्याची कुट्टी. आणि वाढवायची तर आठ दिवसाला एक मूठ, जास्त नाही. आणि मूठ एकाच बाईची. ती म्हणायची, एक गाय, एक मूठ. दोन हात लागले की माप राहत नाही. केसरचं लग्न होईतोवर केसरची मूठ, मग सासूची. सरकीचं भिजवायचं मडकं सासूच्या खाटेपाशी असायचं, म्हणजे तिच्या डोळ्यासमोरून कोणी एक दाणा नेणार नाही.

होळी झाली, चैत्र लागला, रानात हिरवं काही उरलं नाही. नुसता कडबा. आणि हरणीला व्यायला सहा महिने होत आलेले. दूध उतरायला लागलं. आधी सकाळचं तपेलं भरायचं, मग पाऊण, मग अर्धं. इकडं पोर वाढत चाललेली, तिची भूक वाढलेली. बोंडलं रिकामं झालं तरी ओठ हलवत राहायची, मग रडायची, आणि ते रडणं मोठ्यानं नसायचं, बारीक, दाराची बिजागरी वाजते तसं. मला ते ऐकवायचं नाही. मी शेण काढायला पहाटेच उठायची. एका पहाटे मी कणगीतून दोन मुठी सरकी पदरात घेतली आणि हरणीच्या पुढं टाकली. कोरडी. भिजवायची कुठं, मडकं सासूपाशी. तिनं हावरटासारखी खाल्ली.

दोन दिवसांनी दूध वाढलं. मास्तर, मला इतका आनंद झाला की मी गोठ्यात एकटीच हसले. मग दोनाच्या तीन मुठी केल्या, तिनाच्या चार. दूध आणखी वाढलं. सासूही तपेल्यात बघून खूश, सासराही येता जाता तपेल्यात डोकावायचा. आम्ही तिघं त्या तपेल्यात बघायचो आणि तिघंही आपापल्या मनात म्हणायचो, हे माझ्यामुळं. ते मला मागून कळलं.

मग एका सकाळी हरणी गव्हाणीपाशी आलीच नाही.

उभी व्हती, मान खाली, कान थंड, नाकपुडी कोरडी. दात खायची मधूनच, करकर. डावी कूस फुगून पाठीच्या बरोबरीला आली व्हती. मी मूठ दाबली. कणकेत दाबावी तशी आत गेली आणि खड्डा तसाच राहिला. मी थांबले. बापानं सांगितलं तशी थांबले. उचलणं नाही. पुन्हा दाबली. नाही. रवंथ तर नाहीच. मी शेणातच बसले.

सासू आली, बघितलं आणि म्हणाली, नजर लागनी व माय. मीठ-मिरच्या उतरून टाकल्या. ओवा, हिंग, गोडं तेल नळीनं पाजलं. त्या दिवशी दूध पावशेर निघालं. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. कास सुरकुतली. पोरीला म्हशीचं दूध पाणी घालून दिलं, ओकली. भाताची पेज दिली, ओकली. दुपारपर्यंत तिचं रडणं थांबलं, आणि रडणं थांबलं तेव्हा मला जास्त भीती वाटली. मी सारखी तिच्या टाळूवर हात ठेवून बघायची, टाळू खोल गेलीय का. ती खोल जायला लागली व्हती.

सासरा काही न बोलता बाहेर गेला आणि ठुमलाबाबाला घेऊन आला. ठुमला गावाची गुरं राखायचा, गावाबाहेर भिलांच्या वस्तीत, भिलाटीत राहायचा, सातपुड्यातून त्याचा बाप इकडं आलेला. गुरांचं त्याला फार कळायचं. त्यानं आल्या आल्या कुशीला कान लावला. कितीतरी वेळ तसाच वाकून. मग खाली बसून तिचं पातळ शेण हातात घेतलं, बोटांनी पसरवलं, वास घेतला. आंबट वास आला, मला ओसरीपर्यंत आला. त्यानं शेणातून सरकीचे दाणे वेचले आणि तळहातावर ठेवले. अख्खे दाणे.

म्हणाला, इना माठ बंद पडना.

सासऱ्यानं विचारलं, म्हणजे काय रे. तेव्हा त्यानं जे सांगितलं ते मी कधी विसरले नाही. म्हणाला, पाटील, तुम्हले वाटस गाय ढेप खास. गाय ढेप नही खात. तिना पोटमा माठ शे, माठमा विरजण शे. ढेप खास ते विरजण, आनि विरजणले खास गाय, त्यानंच दूध व्हस. विरजणले थोडं थोडं दिधं त ते वाढस. एकदम टाकं त ते आंबीसन मरी जास. आते इना पोटमा विरजणच नही. आणि मग सगळ्यांकडं बघत म्हणाला, कोन टाकस इले? ह्या मुठी एक हातन्या नहीत.

मग सासरा म्हणाला, मी टाकी. शेंगनी ढेप. रोज सांजले, मळामाईन उना का. त्यानं शहाद्याहून शेंगदाण्याची नवी ढेप आणली व्हती, आमच्या तिळाच्या ढेपेहून तेज, आणि कोणाला न सांगता घालत व्हता. सांगणार कोणाला, बायकोशी बोलणं नव्हतं. त्याचं ऐकलं आणि सासूनं तोंडाला पदर लावला. म्हणाली, मी भी टाकी. सरकी. दुपारले, आखो दोन मुठी.

ज्या बाईनं एक गाय एक मूठ म्हटलं, तिनं. त्या पोरीसाठी.

आता माझी पाळी व्हती. मास्तर, मी दारामागं उभी, जमना खांद्यावर. मनात म्हणते सांग, सांग, आणि तोंड उघडत नाही. सासऱ्यासमोर मी कधी शब्द काढला नव्हता, पण ते निमित्त झालं. खरं सांगू? मला वाटलं, ही पोर माझ्या मांडीवरून काढून घेतील. म्हणतील, स्वतःची नाही म्हणून काळजी नाही.

ठुमला तळहातावरच्या दाण्यांकडं बघत व्हता. सासूला म्हणाला, वहिनी, सरकी भिजाडेल व्हती का कोरडी? सासू म्हणाली, भिजाडेल, गाईनी आन. तो म्हणाला, नीट सांगा. भिजाडेल व्हई त दोन बादल्या कोमट पानी पाजसू, माठ धोवाई जाई. कोरडी व्हई त आज घोटभर भी देता येत नही, ती पोटमा फुगी आनि गाय आठेच पडीसन मरी. सासूनं पुन्हा शपथ घेतली. तिची शपथ खरी व्हती. तिची सरकी भिजवलेलीच व्हती. सासरा म्हणाला, मंग पानी आना.

आणि पाणी आणायला मला सांगितलं.

चुलीवर पाणी व्हतंच. मी पोर खाली ठेवली, घागर भरली, उंबऱ्यापर्यंत आले आणि हातातून सोडून दिली. सांडली. सासू म्हणाली, हात थरथरतस बिचारीना, जा, दुसरी आन. मी दुसरी आणली. गोठ्यापर्यंत नेली, ठुमलाबाबाच्या समोर उभी राहिले आणि सगळं पाणी त्याच्या पायाशी जमिनीवर ओतलं. या वेळेला पडली नाही हातातून, ओतली. सासूच्या लक्षात आलं नाही, ती डोळे पुसत व्हती. सासरा हरणीकडं बघत व्हता. ठुमलानं ओल्या जमिनीकडं बघितलं, तळहातावरच्या दाण्यांकडं बघितलं, मग माझ्या पदराकडं. तोंड काही त्याला दिसत नव्हतं. दाणे धोतराला पुसून टाकले आणि म्हणाला, आज पानी नको. इले चालाडा.

एवढंच. त्यानं नंतर कधी कोणाला सांगितलं नाही. मलाही विचारलं नाही.

हरणीच्या तोंडात कडुलिंबाची काडी आडवी बांधली, म्हणजे ती चघळत राहील आणि ढेकर येईल. अंगणात फिरवली, कूस चोळली. मग ठुमला म्हणाला, आते विरजण लागी. दह्याचं भांडं नासलं तर शेजारणीकडून आणता ना, तसं. त्याची स्वतःची गाय काबरी, डोंगरी, लहानखुरी, रानाचा पाला खाणारी, ती त्यानं आणवली. लिंबाखाली बांधली. ती निवांत बसली आणि रवंथ करायला लागली. तिच्या तोंडात घास आला की ठुमला झटकन जबडा धरायचा, जीभ बाजूला ओढायचा आणि तो हिरवा चघळलेला घास काढून घ्यायचा. काबरी बिचारी रागानं बघायची. तसे चार-पाच घास पळसाच्या पानात जमवले.

सासू उभी राहिली. म्हणाली, हाई उष्टं शे. भिलाटीमधल्या गायनं उष्टं मन्ही गायना तोंडमा? तिनं दूध पोर पेस. ठुमला पान हातात घेऊन तसाच थांबला, त्याला काय कमी ऐकून घ्यावं लागलं असेल आयुष्यात. आतून जमनाचा आवाज आला, आवाज कसला, मांजरीचं पिल्लू बोलतं तेवढा.

तेव्हा सासरा सासूकडं वळला. चार महिन्यांनी. म्हणाला, तू तोंड धर तिनं.

सासूनं पदर खोचला, पुढं झाली आणि दोन्ही हातांनी हरणीचा जबडा धरला. ठुमलानं एकेक घास जिभेच्या मुळाशी नेऊन आत ढकलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आणि त्या तीन दिवसांत पोरीला काय पाजलं माहीत आहे? काबरीचं दूध. काबरी घरी परतली की सासू स्वतः तांब्या घेऊन तिच्यामागं भिलाटीत जायची, जिथं ती जन्मात गेली नव्हती. काबरी देऊन देऊन देणार किती, अर्धा शेर, पण ते पोरीनं ओकलं नाही. गावात बायका बोलल्या. सासू म्हणाली, बोलू द्या, त्यासना घरमा पोर मरी नही ऱ्हायनी.

चौथ्या दिवशी दुपारी मी हरणीपाशी बसले व्हते, मूठ कुशीत. भूक नाही, झोप नाही, नुसती मूठ दाबून बसायचे. आणि मूठ उचलली गेली. मला वाटलं माझाच हात थरथरला. पुन्हा दाबली, पुन्हा उचलली. हळू, जड, पण उचलली. मग तिच्या गळ्यातून काहीतरी वर सरकताना दिसलं, आणि तिनं जबडा फिरवला. मी ओरडले. सासू धावत आली, माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि चावणं मोजायला लागली, एक, दोन, तीन, बोटांवर. पन्नासाच्या पुढं गेलं तसं तिनं मळ्याच्या वाटेकडं तोंड करून हाक मारली, अहो, आयकं का, खाई ऱ्हायनी! सासरा आला आणि तिच्याशेजारी बसला. दोघं केसरचं नाव घेऊन रडले. मी उठून पोरीला घ्यायला गेले, मला तिथं बसवेना.

हरणीचं दूध पुन्हा पहिल्यासारखं झालं नाही, अर्ध्यावरच राहिलं. बाकीचं काबरीनं पुरवलं, पावसाळ्यापर्यंत. पुढं आमच्या घरात मूठ माझी झाली. सासूनं मडकं उचलून माझ्याकडं दिलं आणि म्हणाली, मन्ही मूठ जड शे, मन्हावर आते भरवसा नही. हे ती मरेपर्यंत म्हणत राहिली. शेवटच्या आजारपणात मी तिचे पाय चेपत व्हते, तेव्हाही म्हणाली, भागा, मी त्या पोरले मारी टाकती व्हतू. आणि मी, मास्तर, मी पाय चेपत राहिले. म्हटलं, जाऊ द्या ना आत्या, झालं गेलं. तिच्या दोन मुठी, भिजवलेल्या. माझ्या चार, कोरड्या. ती स्वतःला दोष देत गेली आणि मी तिला जाऊ दिलं.

आता सासरा नाही, नवरा नाही, ठुमलाबाबा पण गेला. जमना लोणखेड्याला दिली, दुसऱ्या बाळंतपणाला आली आहे, ती बघा आत पोराला पाजते आहे. अंगावर भरपूर दूध आहे तिला. तरी माझा जीव थाऱ्यावर राहत नाही, दिवसातून चारदा विचारते पोट भरलं का त्याचं, ती हसते, म्हणते माय, तू फार घोर करस. मला माय म्हणते. तिला वाटतं मी तिला जगवलं. गावही तसंच म्हणतं. तिला सांगायचं म्हणून मी किती वेळा तोंड उघडलं, आणि दर वेळेला भाकरीचं, नाही तर पावसाचं बोलले.

ती चौथीपर्यंत शिकली आहे, मास्तर, तुमच्याच शाळेत. आमच्या घरात वाचता येणारी ती एकटी. म्हणून तुम्ही लिहायचं म्हणालात तेव्हा मी हो म्हटलं. सरकी कोरडी व्हती ते लिहिलंत ना? चार मुठी, तेही लिहिलंत? मग ते कागद माझ्याकडं नका देऊ, तिच्याकडं द्या. ती वाचेल तेव्हा मी समोर बसेन. मला अक्षर कळत नाही, पण तिचं तोंड मला वाचता येतं. मग ती मला काय म्हणेल ते म्हणो. पोर जगली, तिचं पोर पोटभर पितं आहे, देव दोघांना उदंड आयुष्य देवो. जा, द्या तिला. जागीच आहे ती.